उतरणीचं गणित: सूत्र नंतर, आधी चित्र काढा

अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या मुलामुलींना फिजिक्सचा पहिला दणका बसतो तो बहुतेक वेळा उतरणीच्या गणितांत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण तर दुहेरी असते. गणितही नवं आणि शब्दही नवे. कालपर्यंत जी 'रगड' किंवा 'घर्षण' होती, ती आज 'फ्रिक्शन' होते. मग मुलं सूत्रांचा रट्टा मारतात आणि पेपरात प्रश्न थोडा फिरवला की अडकतात. हा धडा नीटच्या अभ्यासक्रमात आहे, सीईटीतही आहे. त्यामुळे तो सोडून चालत नाही.

आपण यवतमाळ जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी कापसाची गाठ साधारण 170 किलोची असते. ती सरळ उचलण्यापेक्षा ट्रकला फळी लावून वर ओढणं सोपं. पण किती सोपं? समजा फळी जमिनीशी 30 अंशांचा कोन करते, घर्षण गुणांक 0.3 आहे आणि गुरुत्व त्वरण 10 धरलं आहे.

पहिलं काम: चित्र. गाठीवर तीन बलं दाखवा. वजन सरळ खाली, फळीचा आधार फळीला काटकोनात आणि घर्षण फळीच्या बाजूने. वजन झालं 170 गुणिले 10, म्हणजे 1700 न्यूटन.

दुसरं: वजनाचे दोन भाग. एक भाग गाठीला उताराने खाली ओढतो, दुसरा तिला फळीवर दाबतो. साइन कुठे आणि कॉस कुठे, इथेच सगळे गोंधळतात. पाठ करू नका, कोन शून्य करून बघा. फळी आडवी असेल तर गाठ घसरणार नाही. साइन शून्यही शून्यच. म्हणून खाली ओढणारा भाग साइनचा: 1700 गुणिले 0.5, म्हणजे 850 न्यूटन. दाबणारा भाग कॉसचा: 1700 गुणिले 0.866, म्हणजे सुमारे 1472 न्यूटन.

तिसरं: घर्षण. 0.3 गुणिले 1472, म्हणजे सुमारे 442 न्यूटन. त्याची दिशा मात्र ठरलेली नसते, ते सरकण्याच्या उलट असतं. गाठ वर ओढताना घर्षण खाली लागतं. म्हणून एकसारख्या वेगाने ओढायला 850 अधिक 442, म्हणजे 1292 न्यूटन बल हवं. गाठ सोडून दिली आणि ती खाली घसरू लागली, तर घर्षण वर लागतं. उरलं 408 न्यूटन. त्याला 170 ने भागा, त्वरण मिळालं 2.4 मीटर प्रति सेकंद वर्ग.

म्हणजे 1700 ऐवजी 1292 न्यूटनमध्ये काम झालं. पण 30 अंशांची फळी उंचीच्या दुप्पट लांब असते. जोर कमी लागला, तरी अंतर वाढलं. घर्षणामुळे एकूण कार्य उलट जास्तच झालं. उतरण जोर वाचवते, मेहनत नाही.

या 'साइन'ची गोष्टही मुलांना जरूर सांगावी. संस्कृतमधली 'ज्या' किंवा 'जीवा' अरबीत 'जीब' म्हणून गेली. अल-बत्तानीसारख्या खगोलशास्त्रज्ञांनी ती आपल्या गणितात वापरली. अरबी लिपीत तोच शब्द 'जैब' असाही वाचता येतो. जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा खिसा, आपण 'जेब' म्हणतो तोच शब्द. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द घेतला आणि त्याचं पुढे 'साइन' झालं. तेव्हा हा शब्द आपल्या मुलांना परका वाटायचं कारण नाही.

आता एक गणित घरी करा. हीच गाठ, हीच फळी, फक्त घर्षण गुणांक 0.6. गाठ सोडली तर घर्षण किती? पुष्कळ मुलं 883 लिहितील आणि मार्क गमावतील. 883 ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. खाली ओढणारं बल 850 च असल्यामुळे गाठ हलत नाही आणि घर्षणही 850 न्यूटनच लागतं. म्हणून घर्षणाचं सूत्र वापरण्याआधी एक प्रश्न नेहमी विचारायचा: वस्तू सरकते आहे का?