पाइप आहे, धूर नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

पाइप ओढणारा माणूस आता आपल्याकडे दुर्मीळच झाला आहे. अठ्ठावीस वर्षं मी त्यांतला एक होतो. कारखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक, असे दिवसाला दोन पाइप. सिगारेट मी कधी ओढली नाही. त्यामुळे आपण काही ‘तसले’ नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मग धोका कसला?

हा प्रश्न मी २०१९ च्या मार्चमध्ये आमच्या दातांच्या डॉक्टरांना विचारला, तेव्हा त्यांनी छोटा आरसा माझ्यासमोर धरून गालाच्या आतला पांढरा चट्टा मला दाखवला. “काका, ज्या तोंडात तुम्ही धूर घोळवता, त्याच तोंडाबद्दल बोलतोय मी,” ते म्हणाले. तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही, पण असा चट्टा पुढे कुठलं वळण घेईल याची खात्री नसते. पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध झोमरिंग नावाच्या जर्मन वैद्याने १७९५ सालीच नोंदवून ठेवला होता, हे मला नंतर वाचायला मिळालं. म्हणजे माझी समजूत दोनशे वर्षं शिळी होती.

डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितलं. मी केला, आणि नवव्या दिवशी पुन्हा पेटवला. पुढे मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी इंग्लंडला मुलाकडे गेलो. तिथे घरात धूर चालणार नव्हता, कारण चार वर्षांची नात होती. बाहेर जावं तर पाऊस. शेवटी मुलगाच म्हणाला, “बाबा, ते विजेचं काहीतरी मिळतं, ते तरी बघा.” त्याच्याबरोबर दुकानात गेलो तर कपाटात चक्क एक पाइप दिसला. तपकिरी वाटी, काळी वाकडी दांडी. दोन हातांवरून पाहिला तर माझाच वाटावा. मी तो घेतला. आज सांगायचं आहे ते या पाइपबद्दल.

आधी त्याचं पोट उघडून बघू. खऱ्या पाइपची वाटी बहुधा ब्रायरची असते. भूमध्य समुद्राच्या काठी होणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ येते, ते हे लाकूड. ते सहजासहजी जळत नाही. विजेच्या पाइपच्या वाटीत तंबाखू नसतोच, तिथे बसतो लिथियमचा सेल. माझ्या पाइपमधल्या सेलवर १८३५० असा आकडा होता. हा आकडा म्हणजे सेलचं मापच असतं: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ३५ मिलिमीटर आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल आहे. दांडीच्या बाजूला एक छोटी टाकी, टाकीत द्रव, आणि मधोमध तारेचं वेटोळं. या वेटोळ्यात कापसाची वात असते. समईची वात जशी तेल ओढून घेते, तशीच ही द्रव ओढते. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते आणि ती दांडीतून तोंडात येते. वाटीच्या तोंडाशी एक तांबडा दिवा लागतो, निखाऱ्याची आठवण म्हणून. तो मला शेवटपर्यंत आवडला नाही.

सेल ३.७ व्होल्टचा आणि तारेचा रोध दीड ओहम असेल, तर शाळेत शिकलेल्या सूत्राने सुमारे नऊ वॅट होतात. सेल नुकताच भरलेला असतो तेव्हा त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, म्हणजे जवळजवळ बारा वॅट. माझ्या साध्या पाइपमध्ये हा फरक सावरणारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे सकाळी झुरका जोरदार यायचा आणि संध्याकाळी फिका पडायचा. चार दिवस मी द्रवालाच दोष देत होतो. जन्मभर मोटारी आणि स्टार्टर हाताळलेल्या माणसाला हे कळायला चार दिवस लागावेत, याची थोडी लाजच वाटली.

द्रवात असतात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, काहीतरी वास-चव आणि निकोटिन. ग्लिसरीनमुळे दाट पांढरी वाफ दिसते. ग्लायकॉलमुळे घशाला ठसका बसतो, आणि ओढणाऱ्याला तो हवाच असतो. इंग्लंडमध्ये एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. युरोपचा तो नियम २०१६ पासून लागू झाला. मी १८ च्या बाटलीने सुरुवात केली. बाटली १० मिलिलिटरची, म्हणजे तीत १८० मिलिग्रॅम निकोटिन. पहिल्याच संध्याकाळी ती टेबलावर राहिली आणि नातीने उचलली. झाकण दाबून फिरवायचं होतं म्हणून उघडलं नाही एवढंच. लहान मुलाच्या पोटात एवढं निकोटिन गेलं तर जिवावर बेतू शकतं. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बाटली कुलपात गेली.

ही कल्पना तशी जुनी. तंबाखू न जाळता तापलेली सुगंधी हवा ओढण्याच्या उपकरणासाठी हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन माणसाने १९६३ मध्ये पेटंट मागितलं होतं आणि १९६५ मध्ये ते त्याला मिळालंही, पण ती वस्तू बाजारात काही आली नाही. आजची ई-सिगारेट आली चीनमधून. होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये ती घडवली. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा, आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याच्या कंपनीने ‘रुयान’ हे नाव घेतलं. त्याचा अर्थ ‘धुरासारखं’. सुरुवातीच्या काही वर्षांतच या कंपनीने पाइपच्या आकाराचं उपकरणही काढलं. त्यामागे हौस होती तशी सोयही असणार. कारण सिगारेटच्या बारीक नळीत चिमुकला सेल मावतो, पण पाइपच्या वाटीत चांगला मोठा बसतो.

आता तो वापरायचा कसा? पाइपवाल्याची सवय असते लहान लहान झुरक्यांची, वाटीतला निखारा जेमतेम जिवंत ठेवण्यापुरत्या. इथे ती सवय मोडावी लागते. बटण दाबून तीन-चार सेकंद सावकाश ओढायचं आणि थांबायचं. घाईने सारखं ओढत राहिलं तर वात कोरडी पडते. तशी ती एकदा पडलीच, आणि तोंडात जळकट चव येऊन डोळ्यांत पाणी आलं. कढईत तेल फार तापलं की जो झोंबणारा धूर येतो, त्यातला अ‍ॅक्रोलिन हाच यातला एक पदार्थ. तेलातही ग्लिसरीनचाच अंश असतो, म्हणून हे साम्य. कोरड्या वातीतून फॉर्मल्डिहाइडही निघतं. तेव्हा ‘यात नुसतीच वाफ असते’ या बोलण्यावर विसंबू नये. झुरका घेताना जळत्या सिगारेटच्या टोकाशी ९०० अंशांच्या आसपास तापमान असतं. नीट चाललेल्या कॉइलचं त्याच्या पाव भागाच्या आगेमागे. काही जळत नाही म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मला उशिरा उमगली.

आपल्याकडे तंबाखू मळताना चुना का लावतात? चुना अल्कली आहे. अल्कलीच्या संगतीत निकोटिन गालाच्या कातडीतून सहज रक्तात शिरतं. सिगारचा आणि पाइपच्या अनेक तंबाखूंचा धूरही असाच अल्कलीकडे झुकणारा असतो, म्हणून तो तोंडात घोळवला तरी काम भागतं. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकतो. त्यातलं निकोटिन घ्यायचं तर तो छातीतच ओढावा लागतो. म्हणजे शेतावरचा तंबाखू-चुना आणि साहेबाचा पाइप एकाच रस्त्याने जातात. मी विजेचा पाइप तोंडापुरता ओढत होतो. वाफेचे आठ-दहा झुरके म्हणजे काही पाऊण तास चालणारा पाइप नव्हे. समाधान होईना. मग नकळत, कोणी न शिकवता, मी वाफ छातीत घ्यायला लागलो. अठ्ठावीस वर्षांत जे केलं नाही, ते ‘कमी धोक्याच्या’ वस्तूने मला पंधरा दिवसांत शिकवलं. सिगारेट ओढणारा या यंत्राकडे वळला तर त्याची फुफ्फुसं धुरातून वाफेवर येतात. माझी मात्र मोकळ्या हवेतून वाफेवर आली. हा हिशेब कुठल्याही पत्रकावर मांडलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, पाइप संपतो. तंबाखूचे तीन थर भरायचे, पहिला हलक्या हाताने, दुसरा जरा दाबून, तिसरा ठासून. काडी लावायची, विझला की पुन्हा लावायची, शेवटी राख झटकून वाटी गार व्हायला ठेवायची. एवढा सोपस्कार असतो म्हणून दिवसाला दोनच होतात. विजेचा पाइप संपत नाही. तो खिशात असतो, वास फारसा येत नाही, कोणी टोकत नाही. जूनमध्ये मला १० मिलिलिटरची बाटली सहा दिवस पुरत होती. जुलैत चार दिवसांत संपायला लागली. हे आकडे माझ्या वहीत आहेत. कारखान्यातली नोंदी ठेवायची सवय इथे उपयोगी पडली. आमच्या सौभाग्यवतींना वहीची गरज नव्हती. “अहो, आधी दोनदा ओढायचात, आता दिवसभर तोंडात असतं,” त्या म्हणाल्या.

मग मी उतरायचं ठरवलं. द्रवाची ताकद मोजून घेता येते, हे या वस्तूचं मला पटलेलं मोठेपण; तंबाखूत ते जमत नाही. ऑगस्टमध्ये १८ वरून १२ वर आलो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ६ वर. ताकद कमी झाली की माणूस जास्त ओढून भरपाई करतो, म्हणून बाटली किती दिवस पुरते यावर नजर ठेवावी लागली.

आणि त्याच सप्टेंबरात दोन बातम्या आल्या. अमेरिकेत अशी उपकरणं वापरणारे तरुण फुफ्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येत होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतले बहुतेक गांजातला अर्क घातलेला द्रव ओढणारे होते आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर मुख्य ठपका आला. हे पुढे कळलं. त्या दिवसांत मात्र रोज पेपर उघडताना धास्ती वाटायची. दुसरी बातमी दिल्लीची. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि डिसेंबरात तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यालाच बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वस्तूचं नाव आणि आकार काहीही असो, असं व्याख्येतच म्हटलं आहे, त्यामुळे पाइपचा बुरखा घेऊनही सुटका नाही. आमचं परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटचं होतं.

इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ही उपकरणं सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक आहेत असं म्हटलं होतं. तो आकडा तज्ज्ञांच्या अंदाजातून आलेला होता, प्रयोगशाळेत मोजलेला नव्हता. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा सूर पहिल्यापासून सावध राहिला. आपल्या सरकारला काळजी होती ती शाळा-कॉलेजच्या मुलांची, आणि फळांच्या, चॉकलेटच्या चवीच्या बाटल्या मी तिथे पाहिल्यामुळे ती मला खोटी वाटत नाही. तरीही विडी-सिगारेट कोपऱ्यावर मिळते आणि हे मात्र मिळत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यालाही बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते मी सांगायला नको.

पाच आठवडे हातात होते. ६ वरून ३ वर आलो आणि शेवटचे आठ दिवस बिननिकोटिनचा द्रव ओढला. तो प्रकार म्हणजे साखर नसलेला चहा, तोही गार झालेला. विमानतळावर जायच्या आदल्या रात्री पाइप धुतला, कापूस काढून टाकला आणि मुलाच्या हातात दिला. पुण्यात आल्यावर पहिले तीन आठवडे वाईट गेले. कपाटात माझे चार ब्रायर होते आणि तंबाखूचा अर्धा डबा होता. डबा बायकोने कधी टाकला, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. औषधाच्या दुकानात निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, तो दोन महिने चघळला. सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर दोनदा फोनही केला. पलीकडच्या बाईंनी पाइप म्हणजे नेमकं काय हे आधी विचारून घेतलं, मग शांतपणे बोलल्या.

आज लोक मला विचारतात की, मुलाकडून एखादा मागवून द्याल का? मी नाही म्हणतो. कायद्यामुळे तर म्हणतोच, पण विचारणाऱ्यांतले निम्मे असे असतात की ज्यांनी कधी काही ओढलेलंच नसतं. त्यांना तो फक्त दिसायला आवडतो.

गालातला चट्टा आधीपेक्षा लहान झाला आहे, गेलेला नाही. दर सहा महिन्यांनी आरसा, बॅटरी आणि तेच डॉक्टर. तो पाइप मुलाच्या टेबलाच्या खणात आहे. सेल मात्र मी त्याला वेगळा काढून ठेवायला सांगितला आहे. लिथियमचा सेल वर्षानुवर्षं उपकरणात पडून राहू देऊ नये.