टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणजे इंजिन बरे झाले का?



रब्बीची पेरणी आटोपली, की शेतातल्या डिझेल इंजिनाला विसावा राहत नाही. गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ व्या दिवशी मुकुटमुळे फुटू लागतात. त्या वेळचे पाणी चुकले, तर फुटवे कमी पडतात आणि ती तूट नंतर खत घालून भरून निघत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात इंजिन बसले, तर मिस्त्रीकडे खेपा घालण्यात दिवस जातात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही वेळ येऊ नये, म्हणून इंजिनाच्या हेडमध्ये काय चालते ते आजच समजून घ्या.

एका तासात ४५ हजार वेळा

पंपाचे इंजिन असो वा ट्रॅक्टरचे, प्रत्येक सिलिंडरला निदान दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. कॅमशाफ्ट टॅपेटला उचलते, टॅपेट पुश रॉडला ढकलतो, पुश रॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा उघडतो.

तापल्यावर धातू वाढतो. त्या वाढीला जागा हवी म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांत बारीक फट ठेवलेली असते. तिलाच आपण टॅपेट क्लिअरन्स म्हणतो. बहुतेक इंजिनांत ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. नेमका आकडा इंजिनासोबत मिळालेल्या पुस्तकात पाहावा. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्याला चालेलच असे नाही.

बोलका दोष आणि मुका दोष

फट वाढली की हेडवर टकटक ऐकू येते. व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, रॉकरचे ठोके बसून भाग झिजतात. हा दोष निदान बोलून दाखवतो.

फट फार कमी झाली, तर मात्र आवाज येत नाही. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही. धुराच्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. तो टेकलाच नाही, तर कडेने गरम वायू सुटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. शिवाय सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते, तीही मुकाट्याने. म्हणून टकटक थांबावी एवढ्यासाठी स्क्रू आवळून घेऊ नका. आणि आवाज नाही म्हणून तपासणी टाळू नका.

दोष कसा ओळखावा?

इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही, ताकद कमी पडते, धूर वाढतो, एखादा ठोका चुकतो, ही पहिली लक्षणे. इंजिन बंद असताना डिझेल तोडून ते हाताने सावकाश फिरवा आणि कान द्या. हवा ओढण्याच्या नळीत फुसफुस आली, तर आत हवा घेणारा व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरमध्ये आली, तर धुराचा व्हॉल्व्ह गळतो. ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली, तर रिंगांकडे संशय घ्यावा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठत असतील, तर हेड गॅस्केट पाहावे.

फट लावताना

फट थंड इंजिनावर लावायची की गरम, हे पुस्तकात दिलेले असते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणावा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनाला पाचाची बेरीज लक्षात ठेवा. चार नंबरचे व्हॉल्व्ह एक मिटत व दुसरा उघडत असेल, तेव्हा एक नंबरची फट लावावी. तसेच तीन नंबरवरून दोनची, दोनवरून तीनची आणि एकवरून चारची. फीलर गेज किंचित अडत सरकला पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना स्क्रू फिरतो.

काळजी

१. रॉकरपर्यंत ऑइल शेवटी पोहोचते. ऑइलची पातळी रोज पाहा, ते वेळेवर बदला. रॉकर कोरडे दिसले, तर ऑइलची वाट तुंबली आहे असे समजा.

२. एअर क्लीनर स्वच्छ ठेवा. मळणीच्या धुळीत तो रोज पाहावा.

३. जास्त पाणी मिळावे म्हणून गव्हर्नरशी खेळू नका. वेग फार वाढला, की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मिटवू शकत नाही. मग पिस्टनची धडक बसून पुश रॉड वाकतो.

४. पावसाळाभर पडून असलेले इंजिन एकदम सुरू करू नका. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये गंजून अडकलेली असू शकते. कव्हर काढा, दांड्यांवर थोडे ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवून प्रत्येक व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो याची खात्री करा.

५. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनाचे डिझेलचे पाइप सैल करून ठोका शोधू नका. त्यातील दाबाने डिझेल कातडीत शिरते. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतात. इंजिन किती तास चालले, ऑइल कधी बदलले, फट कधी मोजली, याची एक वही त्यांच्याकडे सोपवा. पुस्तकात दिलेले तास भरले, की आवाज असो वा नसो, फट मोजून घ्या. फीलर गेजला फार पैसे पडत नाहीत, पण जळलेल्या व्हॉल्व्हपायी हेड उतरवावे लागते आणि गव्हाचे पाणी चुकते ते वेगळेच.