कापसावरचे औषध आणि तलावातला मासा

माल घेताना आम्ही कापडवाले सूत बघतो, वीण बघतो, ओल्या रुमालाने रंग घासून बघतो. कापूस शेतात असताना त्यावर काय फवारले होते, हे मात्र आम्ही तीस वर्षांत एकदाही विचारले नाही. म्हणून लाबार्ज तलावाची हकीकत व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

हा तलाव कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स शहराच्या उत्तरेस आहे. त्या थंडीत कापूस उगवत नाही. काठच्या ताआन क्वाचान या मूळ रहिवाशांचे पिढ्यान्‌पिढ्या अन्न म्हणजे तलावातला मासा. 1991 मध्ये त्यांना सांगण्यात आले की बर्बट माशाची कलेजी खाऊ नका, ट्राउट बेताने खा. विक्रीची मासेमारीही बंद झाली. धंदा तर बसलाच, घरच्या ताटावरचाही विश्वास उडाला.

माशांत सापडले होते टॉक्साफिन. हे अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसावर मारायचे कीटकनाशक. 1972 साली डीडीटीवर बंदी आली आणि याचा खप वाढला. 1982 मध्ये याचाही बहुतेक वापर बंद झाला, पण तोवर कितीतरी माल हवेत उडून गेला होता. उष्ण मुलखात हे वाफ होऊन उडते, थंड मुलखात खाली बसते. पाण्यात अगदी थोडे असते. बारीक जिवाला छोटा मासा खातो, छोट्याला मोठा, आणि प्रत्येक हाती भाव चढावा तसे प्रमाण चढत जाते. ते चरबीत साठते, त्यामुळे कलेजीत सर्वांत जास्त.

शेजारच्या तलावांवरही हाच वारा वाहतो, मग लाबार्जचेच मासे इतके खराब का? 1995 मध्ये संशोधकांनी याचा उलगडा केला. तिथल्या अन्नसाखळीत टप्पे जास्त होते. आमच्या भाषेत, मधले दलाल जास्त!

कॅनडा सरकारने 1991 मध्येच उत्तरेकडील प्रदूषणावर नजर ठेवणारा कार्यक्रम सुरू केला. त्यात लाबार्ज आणि कुसावा या तलावांतल्या ट्राउटचे नमुने वर्षानुवर्षे तपासले जातात, पाराही मोजला जातो. लाबार्जमध्ये टॉक्साफिन पुढे घटत गेले. आमच्या मते खरे काम हेच. ‘मासा वाईट’ असा सरसकट शिक्का मारणे सोपे आहे. पण दुकानातले अन्न तिथे दुरून येते आणि महाग पडते. कोणत्या तलावातला, कोणता मासा, त्याचा कोणता भाग, एवढे सांगितले तरच माणूस आपले अन्न खाऊ शकतो.

2001 च्या स्टॉकहोम करारात टॉक्साफिनचे नाव आहे आणि भारतही त्या करारात आहे. यंदा आम्ही आमच्या सूतवाल्याला फवारणीचे विचारले. तो म्हणाला, “शेठ, गाठीवर तसलं काही लिहिलेलं नसतं.”