पाठभेद आता पडद्यावर

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामास असते. वारकऱ्यांच्या मुखी असलेली ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे हाताने नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले. संत एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही याच परंपरेतील होय.

पोथ्या ताडण्याचे हे कष्टाचे काम आता संगणक करू शकतो. दोन मजकुरांत त्याच क्रमाने येणारी शब्दांची सर्वांत लांब समान मालिका तो शोधतो. मालिकेबाहेर राहिलेले जुन्या प्रतीतील शब्द ‘गळलेले’ आणि नव्या प्रतीतील शब्द ‘आलेले’ मानले जातात. हंट व मॅकिलरॉय यांनी १९७६ साली मांडलेली फाइल-तुलनेची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. वेब ब्राउझरमध्ये गळलेल्या शब्दांवर आडवी रेघ आणि आलेल्या शब्दांखाली अधोरेषा दाखविण्याची सोय आहे. नुसत्या रंगावर विसंबू नये. कारण काहींना लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही.

तुलना अक्षरचिन्हांची करावी की शब्दांची? ‘पालखी सकाळी येईल’ या वाक्याचे ‘पालखी दुपारी येईल’ असे झाले, असे समजा. चिन्हे ताडल्यास ‘सकाळी’ व ‘दुपारी’ यांतील काना आणि वेलांटी समान ठरतात. मग उरलेल्या तुकड्यांवर खुणा पडून वाचक गोंधळतो. शब्द ताडल्यास ‘सकाळी’ गेले व ‘दुपारी’ आले, हे तत्काळ उमगते.

मराठीसाठी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली प्रत्ययांची. ‘वेळापूर’ आणि ‘वेळापुरास’ हे यंत्राच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न शब्द. यास्तव आधी शब्द ताडून, नंतर बदललेल्या शब्दातील पूर्ण अक्षरे ताडणे श्रेयस्कर. दुसरी गोष्ट नोंदणीची. ‘वारकऱ्यांच्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे नोंदविता येतो. दिसण्यात फरक नसतानाही यंत्र भेद दाखविते. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही मजकूर एकाच पद्धतीत आणले पाहिजेत.

या सोयीचा उपयोग पोथ्यांपुरता मर्यादित नाही. ठरावाच्या मसुद्यात ‘देता येईल’ याऐवजी ‘द्यावे लागेल’ असे झाले, तर अधिकाराचे कर्तव्य होते. सातबाऱ्याच्या हस्तलिखित नोंदी संगणकावर घेताना नावातील एक अक्षर चुकले, तरी खातेदारास दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. जुनी व नवी नोंद शेजारी ठेवून बदललेला शब्द दाखविला, तर सामान्य शेतकऱ्यासही ती चूक वेळीच हेरता येईल.

मात्र यंत्र फक्त भेद दाखविते. कोणता पाठ खरा, हे ते सांगत नाही. तो निर्णय नाथांच्या काळी जसा जाणत्या वाचकाचा होता, तसाच तो आजही आहे.