वॉशिंग्टन आडनावाचे वारस

इंग्लंडच्या ईशान्येला एके काळी डरहॅमच्या बिशपची सत्ता राजासारखी चाले. ह्यू द पुइसे या बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची मोजदाद करून घेतली. कोणते गाव कोणाकडे आहे, तो किती सारा भरतो, कोणती चाकरी करतो, हे सगळे लिहून निघाले. 'बोल्डन बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दप्तरात विल्यम नावाच्या एका जमीनदाराची नोंद सापडते. त्याने हार्टबर्न हे आपले गाव बिशपला देऊन बदल्यात वेसिंग्टन घेतले होते. नव्या गावापोटी त्याने चार पौंड भरायचे आणि बिशपची मोठी शिकार निघाली की चार ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर व्हायचे, असे ठरले होते.

हार्टबर्नला होता तोवर तो विल्यम द हार्टबर्न होता. गाव बदलले तसे नावही बदलले आणि त्याची पुढची पिढी 'द वेसिंग्टन' म्हणून ओळखली जाऊ लागली. अमेरिकेच्या राजधानीचे नाव जमिनीच्या या अदलाबदलीतून आले आहे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी तिथे वंशपरंपरेने चालणारी आडनावे जवळजवळ नव्हतीच. माणसाला एक नाव पुरे होई. नॉर्मन सरदारांनी आपापल्या जहागिरीचे गाव नावापुढे लावायला सुरुवात केली, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ही रीत शेतकरी, लोहार, शिंप्यांपर्यंत झिरपली. पुणेकर, नाशिककर ही आडनावे आपल्या ओळखीची आहेतच. पण आपल्याकडचा 'कर' बहुधा माणूस मूळचा कुठला ते सांगतो, तर नॉर्मन सरदाराचा 'द' गावावरची त्याची मालकी सांगे. वॉशिंग्टन हे आडनाव जन्माला आले ते मालकीची खूण म्हणून. त्याच्या पुढच्या सगळ्या इतिहासाकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

गावाचे नाव या घराण्याहून जुने आहे. वासा नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाच्या वस्तीवरून ते पडले, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. लेखनिकांनी वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वॉशिंग्टन अशी अनेक रूपे लिहिली. आजचे रूप स्थिरावायला काही शतके जावी लागली. दरम्यान घराण्याच्या फांद्या पसरत गेल्या. जॉन वेसिंग्टन १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षे डरहॅमच्या मठाचा प्रमुख होता. दुसरी एक शाखा लँकशायरमधल्या वॉर्टनला स्थायिक झाली. तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला, नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा १५३९ साली त्याने सुलग्रेव्ह गावची जमीन ३२४ पौंडांना विकत घेतली. तिथे त्याने बांधलेला वाडा आजही पाहता येतो.

घराण्याचे चिन्हही ठरून गेले होते: पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे. अमेरिकेचा राष्ट्रध्वज यावरूनच निघाला, असे हौसेने सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही. मात्र १९३८ साली स्वीकारलेला राजधानीचा, म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाचा, ध्वज हुबेहूब याच चिन्हाचा आहे.

सतराव्या शतकात या घरावर वाईट दिवस आले. एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री लॉरेन्स वॉशिंग्टन हा यादवी युद्धात राजाच्या बाजूचा होता. दारूच्या गुत्त्यांत बसतो, असा आरोप ठेवून प्युरिटनांनी १६४३ साली त्याला पदावरून हाकलले. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर नोकरीला लागून व्हर्जिनियाला गेला. परतीच्या वेळी, १६५७ च्या सुमारास, जहाज पोटोमॅक नदीत रुतले. जॉन तिथेच राहिला, तिथल्या एका जमीनदाराच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि सासऱ्याकडून त्याला सातशे एकर जमीन मिळाली. जॉर्ज वॉशिंग्टन हे या जॉनचे पणतू.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःला कुळाच्या इतिहासाचे फारसे वेड नव्हते. लंडनच्या वंशावळ-अधिकाऱ्याने चौकशी केली तेव्हा, १७९२ साली, या विषयाकडे आपण फार कमी लक्ष दिले आहे, असे त्यांनी कळवले. त्यांना मूलबाळ नव्हते. पण १७९९ साली ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या इस्टेटीवर ३१७ गुलाम राबत होते.

आडनावाची खरी कहाणी इथून पुढे सुरू होते. त्या इस्टेटीवर आफ्रिकेतून आणलेला हॅरी नावाचा एक गुलाम होता. १७७६ साली, मालक स्वातंत्र्ययुद्ध लढत असताना, तो पळून इंग्रजांना जाऊन मिळाला. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी न्यूयॉर्कहून बाहेर नेलेल्या कृष्णवर्णीयांची एक मोठी यादी केली. तीत त्याचे नाव हॅरी वॉशिंग्टन असे आहे. तो नोव्हा स्कॉशियाला गेला, तिथून १७९२ साली सिएरा लिओनला. तिथल्या कंपनी सरकारने जमिनीवर कर लादला तेव्हा १८०० सालच्या बंडात तोही सामील होता, आणि त्याबद्दल त्याला हद्दपार करण्यात आले. कराविरुद्ध उभे राहण्याचा हक्क एका वॉशिंग्टनला राष्ट्रपिता करून गेला आणि दुसऱ्याला हद्दपारी देऊन गेला. दोघांची नावे शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत.

१८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांच्या तक्त्यात मालकाचे नाव लिहून त्याखाली गुलामांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण नोंदवला जाई. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत लाखो माणसे प्रथमच नाव-आडनावासह कागदावर आली. मुक्त झालेल्यांनी मालकाचेच आडनाव उचलले, हा समज अर्धवट आहे. अनेकांनी आपसात आधीपासून आडनावे जपली होती, अनेकांनी नवी निवडली.

असे आडनाव निवडले कसे जाई, हे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डनच्या शाळेत हजेरी सुरू होती. इतर मुले दोन-दोन, तीन-तीन नावे सांगत होती. या मुलाला आजवर सगळे नुसते 'बुकर' म्हणत आले होते. आपली पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवून टाकले आणि मास्तरांनी विचारताच शांतपणे उत्तर दिले, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव टालियाफेरो असेही ठेवले होते, हे त्याला नंतर कळले आणि मधला 'टी' आला. या मुलाने पुढे १८८१ पासून अलाबामातल्या टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी केली.

पुढेही हे आडनाव अनेकांनी मिरवले. गायिका डायना वॉशिंग्टन मूळची रूथ जोन्स. तिने हे आडनाव व्यवसायासाठी घेतले. १९८३ साली हॅरोल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. अभिनेता डेन्झेल वॉशिंग्टन तर जगाला ठाऊक आहे.

२००० सालच्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे होती. त्यांतली सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती, तर गोरी पाच टक्क्यांच्या आसपास. डरहॅमच्या जमीनदारांचे हे नाव आज माणसांमध्ये जिवंत आहे ते प्रामुख्याने एके काळी ज्यांना नाव लावण्याचाही हक्क नव्हता, त्यांच्या वंशजांमुळे.