मातोश्रींची उन्हाळ्याची सुटी

वैशाख महिना हा आपल्या एकत्र कुटुंबांत सुटीचा महिना खरा. पण ती सुटी कोणाची, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मुलांना शाळा नसते, लेकी माहेरीं येतात, जांवई चार दिवस राहून जातात. आणि याच दिवसांत घरांतील वडील स्त्रीच्या मागें कुरडया, पापड, लोणचीं, मुरंबे यांची जी धांदल लागते, ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत सरत नाहीं. पुढें वय झालें, सुना हाताशीं आल्या, म्हणजे मुलें कर्तव्य म्हणून तिला काशीस किंवा रामेश्वरास नेऊन आणतात. तीर्थयात्रेपलीकडे तिला आणखी कांहीं पाहण्याची हौस असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींही नसतें.

आमच्या मातोश्रींचें वय ७४. सन २०२५ च्या उन्हाळ्यांत घरांत रामेश्वराची गोष्ट निघाली, तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, “देवाला मी रोज घरीं भेटतें. मला एकदां मोठे डोंगर बघायचे आहेत.” यावर दोन दिवस खल झाला. घाटाचे रस्ते आणि उंचावरची थंडी या वयांत सोसणार नाहीं, असें काकांचें म्हणणें. अखेर डॉक्टरांनीं प्रकृति तपासून परवानगी दिली. अट एवढीच कीं, रोजचा प्रवास थोडा करावा, चढ सावकाश चढावा आणि वर पोहोंचल्यावर पहिला दिवस स्वस्थ बसावें. त्या अटीवर निलगिरीचा बेत ठरला आणि आम्ही मायलेंकरें मोटारीनें निघालों.

पुण्याहून कोल्हापूर, धारवाड, चित्रदुर्ग या वाटेनें मुक्काम करीत करीत म्हैसूर गांठलें. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारें ७७० मीटर उंचीवर आहे, तर उटी २,२४० मीटरवर. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटरचें. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याहूनही सुमारें ६०० मीटर वर हें शहर वसलें आहे! आपल्या घरामागून दक्षिणेस गेलेला सह्याद्रि येथेंच पूर्वघाटास मिळतो, हें सांगितल्यावर मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे हें आपल्याच डोंगराचें आजोळ म्हणायचें!”

गुंडलुपेट सोडल्यावर बंदीपूरचें अरण्य लागतें. १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांपैकीं हें एक. वन्य पशु वाहनांखालीं सांपडूं नयेत म्हणून २००९ पासून हा रस्ता रात्रीं ९ ते सकाळीं ६ पर्यंत बंद असतो. राज्याची हद्द ओलांडली कीं तमिळनाडूंतील मुदुमलैचें रान सुरू होतें. तेथें तेप्पकाडूस वाट फुटते. डावीकडची मसिनगुडी-कल्हट्टीची वाट जवळची, पण तींत ३६ अवघड वळणें. उजवीकडची गुडलूरची वाट लांबची, पण चढ सोसवेल असा. मोटारवाल्यानें वेळेचा हिशेब सांगितला. मातोश्रींनीं तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “लांबची पडली तरी चालेल. आपल्याला कोठें गाडी पकडायची आहे?”

या लांबच्या वाटेनें पर्वत पायरीपायरीनें उलगडत गेला. खालीं सागवान आणि बांबू. गुडलूरनंतर चहाचे मळे. नडुवट्टमला हिंवतापावरील औषधासाठीं १८६० नंतरच्या दशकांत झालेल्या सिंकोना-लागवडीचें स्थान. कोयनेलाचें नांव काढतांच मातोश्रींनीं लहानपणींच्या कडू पुड्या आठवून तोंड वांकडें केलें! आणखी वर गेल्यावर या पर्वताचें खरें रूप दिसतें. माथ्यांवर नुसतें गवत आणि घड्यांतून दाट, ठेंगणें, सदा हिरवें रान. त्या रानास ‘शोला’ म्हणतात. पावसाचें आणि धुक्याचें पाणी हें रान व गवत धरून ठेवतें आणि वर्षभर थोडें थोडें सोडतें. तेंच पाणी मोयार व भवानी या नद्यांतून कावेरीस मिळतें. इंग्रजी अमदानींत सरपणासाठीं निलगिरीचीं परदेशी झाडें लावलीं, त्यांत पुष्कळसें गवताळ रान नाहींसें झालें.

उटीस पोहोंचलों त्या रात्रीं मातोश्रींस धाप लागली. छातींत दुखत नव्हतें, पण आडवें होववेना. दूरध्वनीवर डॉक्टर म्हणाले, “टेकून बसवा, लक्ष ठेवा, आराम न वाटल्यास तात्काळ जवळच्या रुग्णालयांत न्या.” मोटार दाराशीं उभी ठेविली आणि उशाशीं बसून रात्र काढली. काकांचे शब्द राहून राहून आठवत होते. पहांटेस श्वास सुरळीत झाला. तेथील वैद्यांनींही तपासून धोका नाहीं असें सांगितलें. तरीही खालीं उतरण्याची भाषा आम्हीं काढली, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “सगळ्या घराचीं आजारपणें मीं जागून काढलीं. एक रात्र तूं जागलास तर बिघडलें काय?” यावर उत्तर नव्हतें.

तो दिवस विश्रांतींत गेला. पुढें १८४८ सालीं स्थापिलेलें वनस्पति-उद्यान त्यांनीं बांकाबांकावर बसत पाहिलें. उद्यानाच्या वरच्या अंगास म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांची वस्ती आहे. तेथें एक वृद्धा पांढऱ्या जाड्या वस्त्रावर तांबड्या-काळ्या धाग्यांनीं भरीत होती. हें भरतकाम नक्षी न आंखतां, केवळ धागे मोजून करतात. मातोश्री शेजारीं बसल्या. भाषा एकीची दुसरीस कळेना. पण बोटानें टांके मोजण्यांत अर्धा तास गेला. शेवटच्या दिवशीं कुन्नूरपर्यंत त्या डोंगरी आगगाडींत बसल्या. १९०८ सालीं उटीपर्यंत आलेली ही गाडी २००५ पासून जागतिक वारशांत गणली जाते. दोड्डबेट्टाचें २,६३७ मीटर उंचीचें शिखर मात्र त्यांनीं खालूनच पाहिलें आणि “तेथें तूं जाऊन ये” असें सांगितलें.

जे वाचक वडिलधाऱ्यांस घेऊन या बाजूस जातील त्यांनीं प्रकृति आधीं तपासून घ्यावी, रोजचा प्रवास चार-पांच तासांहून अधिक ठेवूं नये, औषधें हाताशीं ठेवावीं आणि रुग्णालय कोठें आहे हें पोहोंचतांच विचारून घ्यावें. मे २०२४ पासून न्यायालयाच्या आदेशानें निलगिरीस जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांस ई-पास लागूं लागला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत रोजच्या वाहनांची संख्याही मर्यादित केली गेली; म्हणून निघण्यापूर्वीं चालू नियम पाहावे. पण या सर्वांच्या आधीं एक गोष्ट करावी. कोठें जावयाचें हें आपसांत ठरविण्यापूर्वीं, ज्यांना न्यावयाचें त्यांनाच तें विचारावें.