त्रिनिदादला माल दाखवायला जाताना गाडी कोणती धरावी?

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेट आपल्याला अगदी परके नाही. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिले हिंदी मजूर तेथे उतरले. आज त्यांच्या वंशजांत कापडाचे दुकानदारही आहेत. तेव्हा नमुने घेऊन जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी तेथील गाड्यांचा हिशेब आधी समजून घ्यावा.

तेथे टॅक्सीला मीटर नसतो. विमानतळावरून निघतानाच भाडे ठरवावे.

रोजची खरी सवारी म्हणजे मॅक्सी-टॅक्सी. पांढऱ्या व्हॅनवर रंगीत पट्टा असतो, पाटीऐवजी तो पट्टाच वाचायचा. पिवळा पोर्ट ऑफ स्पेन व पश्चिमेचा, लाल पूर्वेला अरिमाकडचा, हिरवा दक्षिणेला चाग्वानस व सान फर्नांडोचा. राजधानीत साउथ क्वे रस्त्यावर सिटी गेट हा मोठा अड्डा आहे. पूर्वी हे रेल्वे स्टेशन होते. रेल्वे १९६८ साली बंद झाली आणि पूर्वेकडच्या रुळांच्या जागी बस व मॅक्सीसाठी राखीव रस्ता झाला. त्यामुळे सकाळच्या गर्दीत महागडी टॅक्सी अडकते आणि लाल पट्ट्याची मॅक्सी पुढे निघून जाते! सरकारी बस स्वस्त, पण तिकीट आधी खिडकीवर घ्यावे लागते.

दुसरी सवारी रूट टॅक्सी. साधीच मोटार, आपल्या वडापप्रमाणे सीट भरली की निघते. तिच्या नंबराची सुरुवात 'एच' अक्षराने होते. 'पी' म्हणजे खासगी गाडी. तिने भाडे मारणे बेकायदा, आणि अपघात झाल्यास विम्याचा भरवसा नाही. आम्ही एकदा घाईत अशा 'पी' गाडीत बसलो. उतरलो, पैसे दिले, आणि नमुन्यांची बॅग डिकीतच गेली. 'एच' गाडी असती तर अड्ड्यावर विचारता आले असते. येथे कोणाला विचारणार? गिऱ्हाईकाने चहा पाजला, पण नमुन्याशिवाय ऑर्डर कोण देतो?

सान फर्नांडोला बंदरावरून वॉटर टॅक्सीही जाते, रस्त्याची कोंडी टळते. टोबॅगोला विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. बोटीला काही तास लागतात, मात्र गाठोडी जड असतील तर बोटच बरी.

कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी राजधानीचे रस्ते मिरवणुकांनी भरतात. त्या दोन दिवसांत गिऱ्हाईकाची भेट ठरवू नये.